धुतलेला आवाज

मामा कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तिच्यावर टिचकी मारायचे. फणस असो, पातेलं असो, शेजाऱ्याची नवी सायकल असो. टिचकी मारायची, मान वाकडी करायची आणि निकाल द्यायचा. "प्रोप हाय." नाहीतर, "मळका हाय." प्रोप म्हणजे स्वच्छ. हा शब्द आमच्या बेटावरच्या मराठीत क्रेओल बोलीतून आला आणि घरच्यासारखा राहिला. मामांच्या मते जगातल्या सगळ्या वस्तूंचे हे दोनच प्रकार होते, आणि माणसांचेही.

मी त्यांच्याकडे राहायला गेले त्या दिवशी त्यांनी आधी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर टिचकी मारली. मग मला म्हणाले, "कायतरी बोल." मी गडबडले. म्हटलं, "मी लालमतीहून आले." त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बरा हाय आवाज. नाकात थोडा पाणी हाय, ता क्युरपिपला वाढंल." ते खरंच वाढलं. क्युरपिपला वर्षातले तीनशे दिवस पाऊस आणि उरलेले दिवस धुकं. माझ्या चपलांवर तिसऱ्या आठवड्यात बुरशी आली, आणि सर्दी मात्र त्याआधीच आली होती.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. मला क्युरपिपच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली, बावीस वर्षांची मुलगी एकटी राहणार कुठे, म्हणून बाबांनी त्यांच्या घराची मागची खोली ठरवली. मामा टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायच्या कामावर होते. खाकी शर्ट, डाव्या पायाच्या मोज्यात खोवलेला स्क्रू ड्रायव्हर आणि ओठ पार झाकणारी मिशी. स्क्रू ड्रायव्हर ते लग्नकार्यालाही घेऊन जात. एकदा तर मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला बाजूला सारून त्यांनी मांडवातला भोंगा खोलून बसवला होता.

मामांना दोन गोष्टींचा अभिमान होता. पहिली म्हणजे त्यांचं सिमेंटचं घर. मोठ्या वादळात त्यांचं जुनं लाकडी घर कोसळलं होतं. बेटावर कितीतरी जणांचं कोसळलं. त्यानंतर ज्याला जमेल तो सिमेंट ओतू लागला. मामांनी दोन खोल्या आणि व्हरांडा बांधला, आणि आल्यागेल्याला ते भिंतीवर मूठ मारून दाखवत. "हलतंय काय? नाय हलत. आलोर, मग येऊ दे वादळ." जुन्या घराच्या ज्या फळ्या शाबूत सापडल्या त्यांचं त्यांनी अंगणापलीकडे स्वयंपाकघर केलं होतं. त्याबद्दल मात्र ते जरा ओशाळे असत. पुढच्या वर्षी तेही सिमेंटचं करणार, असं मी तिथं होते तेवढी सगळी वर्षं ऐकत होते.

दुसरा अभिमान, आपण बायकोवर कधी आवाज चढवला नाही याचा. आणि हे सोपं नव्हतं, कारण मामीला ऐकू येत नव्हतं.

मुलीच्या बाळंतपणानंतर मामीचे कान हळूहळू बंद होत गेले होते. ती मुलगी आता लग्न होऊन प्लेन दे पपाय गावी नांदत होती, म्हणजे गोष्ट जुनी होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात असा माझा समज होता, पण मामी इतकं हळू बोलायची की आपणच बहिरे आहोत असं वाटावं. मी तिला एकदा खुणेनं तसं विचारलंही. ती म्हणाली, "माझा माझा आवाज मला डोक्यात मोठा येतो गो. पापड खाल्ला तर कानात ढोल वाजतो." मी हसले आणि विसरून गेले. मी शिक्षिका होते, मुलांना विज्ञान शिकवत होते, आणि विसरून गेले.

तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. शेजारपाजारचे ओरडत, मीही ओरडायची. मामा नाही. ते म्हणायचे, "वरडलेला आवाज मळका असतो. तिला मळका कशाला देऊ?" त्यामुळे जगाशी अखंड बडबड करणारा हा माणूस घरात फक्त हातवारे करायचा. चहासाठी एक खूण, पाऊस येतोय त्याला एक, मुलीचं पत्र आलंय त्याला छातीवर दोन थापा. मामी ओठ वाचायला शिकली असती, पण मिशी आड येई. मी सुचवलं म्हणून मामांनी एकदा मिशी काढली. मामी त्यांचा चेहरा बघून पदर तोंडाला लावून दोन दिवस हसत होती. एक अक्षर वाचलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मिशी परत वाढायला लागली.

आता गिटारचं सांगते, कारण मामांना ओळखणारे सगळे त्यांना गिटारवाले म्हणूनच ओळखतात.

वादळाच्या आदल्या वर्षी, जुन्या घरात, एका शनिवारी दुपारी रेडिओवर एक तबकडी लागली. कुठल्यातरी परदेशी वाद्यवृंदाची. गाणारा कुणी नाही, नुसती विजेवरची गिटार. मामा सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा आंघोळ करून आल्यासारखा होई. "एकेक सूर सुटा. खरखर नाय, फाटणं नाय, घासून धुऊन उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखा. आणि तेवढ्यात ही तांदूळ निवडता निवडता म्हणते, काय गोड वाजतंय." मामीनं ते ऐकलं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मामा उठून तिच्याजवळ जाईपर्यंत तबकडी संपली, आणि मग वादळ आलं.

तेव्हापासून मामांनी ठरवलं होतं की तो आवाज घरी तयार करायचा. रेडिओवाले लावतील तेव्हा लावतील, आपल्या घरात तो रोज पाहिजे. मामीला एक आवाज ऐकू येतो हे त्यांना कळलं होतं, आणि तो त्यांना तिला द्यायचा होता. एवढंच होतं सगळं. बाकी आम्ही लोक ज्याला वेड म्हणायचो ते याच्या मागून आलं.

त्यांनी एक जुनी साधी गिटार मिळवली. टेलिफोनचा जो भाग कानाला लावतो, त्यात एक चुंबक असतो आणि त्यावर केसाएवढ्या तारेचं वेटोळं. मोडीत निघालेल्या एका टेलिफोनातला तो भाग त्यांनी काढला, वरची पातळ पत्र्याची चकती बाजूला केली आणि उरलेलं गिटारच्या तारांखाली बसवलं. तिथून वायर आवाज मोठा करणाऱ्या रेडिओच्या व्हॉल्व्हना, तिथून एका लाकडी खोक्यातल्या स्पीकरला. वायरची ददात नव्हती. घरात वायर इतकी होती की मामी त्यावर कपडे वाळत घालायची.

गंमत अशी की मामांना गिटार वाजवता येत नव्हती. शिकायची इच्छाही नव्हती. त्या तबकडीतल्या सुरुवातीच्या अकरा सुरांची ओळ तेवढी त्यांनी बोटांना पाठ करवली होती. तीच ओळ रोज सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास आणि रविवारी जेवणापर्यंत. गाणं त्यांना नकोच होतं, आवाज हवा होता. वाजवून झालं की मामीकडे बघायचे. मामी 'नाही' अशी मान हलवायची. मग माझ्याकडे बघायचे.

मी मार्क द्यायची. मास्तरीण ना. पहिल्यांदा दहापैकी दोन दिले. आवाज वाढवला की तो फाटायचा, कमी केला की पांघरुणातून आल्यासारखा यायचा. मामांनी व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, खोक्यात कापूस भरला, कापूस काढला. स्पीकर पाण्याच्या रिकाम्या पिंपात सोडून पाहिला. त्या दिवशी शेजारच्या क्रेओल म्हातारीनं येऊन विचारलं की तुमच्या पिंपात कोण पडलंय. हळूहळू मार्क चढले. पाच झाले, सहा झाले. "सहाच?" मामा म्हणायचे. "खालच्या सुराला चिखल हाय," मी म्हणायची. मीही त्यांच्यासारखीच बोलू लागले होते.

मग त्यांना कुणीतरी सांगितलं की तारा जुन्या झाल्या की मंद होतात, उकळल्या की पुन्हा उजळतात. मामांनी सहाही तारा मामीच्या वरणाच्या पातेल्यात सोडा घालून उकळल्या. त्यातून निघालेला तेलकट काळा मळ पाहून ते हरखून गेले. "बघ, आवाजाचा मळ. मी सांगत होतो." पातेलं त्यांनी स्वतः घासलं, पण त्यांच्या घासण्यावर कोण विसंबणार? संध्याकाळी जेवताना मामी आपल्या त्या हळू आवाजात म्हणाली, "आज वरणात लोखंड हाय." मामांनी दोन्ही कान पकडले. तारा मात्र खरंच उजळल्या होत्या. मी आठ मार्क दिले. मामीनं मान हलवली.

आठ मार्कांपुढे काय करायचं ते आम्हा दोघांनाही कळेना. मूळ आवाज पुन्हा ऐकल्याशिवाय तुलना कशाशी करणार? मामांनी रेडिओला फर्माईशीची पत्रं लिहायला सुरुवात केली. स्वतःच्या नावानं लिहिली, मामीच्या, शेजारणीच्या, शेजारणीच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावानं लिहिली. काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी बरेच शनिवार लक्ष देऊन ऐकलं आणि निष्कर्ष काढला की रेडिओवाले वाङ्‌निश्चय झालेल्या मुलींची फर्माईश आधी घेतात. त्यांच्या घरात अशी मुलगी नव्हती. बिनलग्नाची एक होती.

एका शनिवारी आम्ही तिघं रेडिओसमोर बसलो होतो. निवेदकानं सुरेख फ्रेंचमध्ये माझं नाव घेतलं, गाव लालमती सांगितलं, आणि ही तबकडी मी माझ्या भावी पतीला प्रेमपूर्वक अर्पण करत आहे असं जाहीर केलं. मी मामांकडे बघितलं. मामांनी बोट ओठांवर ठेवलं. तबकडी सुरू झाली होती.

आवाज खरोखर तसाच होता. मी रागानं लाल झाले होते तरी कबूल करते, धुतलेला होता. मामी नव्या रेडिओसमोर खुर्चीवर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. मामांचं लक्ष फक्त तिच्या चेहऱ्यावर होतं. पहिले अकरा सूर गेले, पूर्ण गत गेली. मामीनं मामांचा चेहरा बघून ओळखलं की हेच ते, आणि तिनं हळूच मान हलवली. नाही. मग म्हणाली, "असू दे." मामांनी रेडिओ बंद केला आणि ते व्हरांड्यात जाऊन पावसाकडे बघत बसले. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी त्यांना चहा नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बाबा आले. लालमतीच्या दुकानातल्या रेडिओवर निम्म्या गावानं ऐकलं होतं. छत्री न मिटताच ते म्हणाले, "कोण हाय तो?"

"कोण?" मी म्हटलं.

"ज्याच्यासाठी बाजा लावलास तो."

मामा पुढे झाले. "भावजी, तसा कोण नाय. ता मी केला."

यानं प्रकरण आणखी बिघडलं. बाबांनी मामांना पायापासून मिशीपर्यंत बघितलं. मग मामीनं बाबांच्या हातातून छत्री काढून घेतली, पाट दिला, गरम चपाती वाढली, आणि मामांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाबा जेवले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग वहिनीला ऐकाय आला काय?" मामा म्हणाले, "नाय आला." बाबांनी छत्री उचलली. जाताना मला फक्त म्हणाले, "मामांना सांभाळ." लालमतीतल्या बायकांनी मात्र पुढे दोन वर्षं मला त्या भावी पतीबद्दल विचारलं.

मामीचे कान त्यानंतर आणखी गेले असतील हे मामा मानायला तयार नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, "दोष रेडिओचा. जुना रेडिओ वादळात गेला. त्याचा आवाज प्रोप होता." मग त्या हरवलेल्या रेडिओसारखा आवाज काढायची खटपट सुरू झाली. पुन्हा खोकी, पुन्हा व्हॉल्व्ह. मामी रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायची आणि मान हलवायची. मी एकदा तिला म्हटलं की कधीतरी खोटं खोटं हो म्हण. ती म्हणाली, "खोटा सांगितला तर ते थांबतील. मग मला खरा कधी यायचा?"

गणपती आले. आमच्याकडे गणपती म्हणजे घर रिकामं करायचं, कारण संध्याकाळी झाकडी नाचायला वीस-पंचवीस जण येतात आणि त्यांना गोल धरायला जागा लागते. मामीनं हुकूम सोडला, खोलीतलं ते गिटारचं दुकान हलवा. मामांनी खोकं उचललं आणि अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात नेलं. खाली नारळांचा ढीग होता, म्हणून त्यांनी ते भिंतीवरच्या फळीवर ठेवलं आणि पडू नये म्हणून दोन स्क्रू पिळून भिंतीलाच जाम केलं. आत मी आणि मामी, त्यामुळे तिथं त्यांना बसायला जागा नव्हती. पण अर्धा तास चुकवणार कसा? गिटार घेऊन ते व्हरांड्यात बसले आणि अंगणातून लांबलचक वायर ओढली.

मी मोदकांचं पीठ मळत होते. मामी खवणीवर बसून नारळ खवत होती. तिची एक सवय होती, मान दुखली की डोकं एका बाजूला कलतं करून ती कानामागची बाजू भिंतीच्या फळीला टेकवायची. तशी टेकून ती खवत होती. डोक्यावरच्या खोक्यातून ते अकरा सूर आले.

मामीचा हात थांबला.

"गो," ती म्हणाली, "वाजतंय."

मला वाटलं, तिला खोकं थरथरताना दिसलं असेल. पण तिनं डोळे मिटले होते. मामांनी ओळ पुन्हा सुरू केली, आणि मामी खोबऱ्यानं भरलेलं बोट मांडीवर टेकवत गेली, प्रत्येक सुराला एकदा. अकरा वेळा. मग तिनं डोकं भिंतीपासून दूर घेतलं आणि बोट थांबलं. पुन्हा टेकलं, बोट चालू. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "त्या घरात त्या दुपारी मी अशीच बसले होते. भिंतीला टेकून. रेडिओ त्याच भिंतीवर होता."

मी पिठाच्या हातानं अंगणात धावले. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू आठ देतेस, मामीनं किती दिले?" त्यांना ती थट्टा वाटली. मी त्यांना दंडाला धरून आणलं. मामीनं त्यांना फळी दाखवली, स्वतःचं कानामागचं हाड दाखवलं. आवाज फळीतून हाडात येतोय, हे टेलिफोनच्या माणसाला जास्त सांगायला लागलं नाही. त्यांनी त्या जुन्या फळीवर सगळा तळवा ठेवला, टिचकी न मारता. मग दारातून आपल्या न हलणाऱ्या सिमेंटच्या घराकडे बघितलं. मला वाटलं आता ते रडतील, पण ते हसायला लागले, मिशी हलेपर्यंत.

"वाजवू परत?" त्यांनी हातानं विचारलं.

"गिटार ऱ्हाऊ दे आता," मामी म्हणाली. "त्याच्यातनं तुमी बोला."

मामा जाऊन व्हरांड्यातली गिटार घेऊन आले. मग गिटारखालचा तो टेलिफोनचा भाग त्यांनी सोडवला, आणि काढून ठेवलेली पत्र्याची चकती पुन्हा त्यावर बसवली. चकती बसवली की त्यात बोललेलंही वायरीतून जातं. हे सगळं रोज डोळे मिटून करणारा तो माणूस, पण त्या सकाळी त्यांच्या हातून चकती दोनदा खाली पडली. जवळ बोललं तर खोकं किंचाळतं म्हणून ते परत व्हरांड्यात गेले. मी दारात उभी होते. मला दोघंही दिसत होते, त्यांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं.

मामा तो तुकडा तोंडासमोर धरून बसले आणि त्यांना काही सुचेना. भेटेल त्याच्याशी बोलणारा माणूस. नवरदेवाला गप्प बसवणारा माणूस. त्यांनी दोनदा घसा खाकरला. आत मामीचं बोट दोन्ही वेळा हललं.

"बोला ना मामा," मी म्हटलं.

"नारळ पुरतील काय?" मामांनी विचारलं.

"पुरतील," मामी म्हणाली. "सात फोडले."

मी तिथून ओरडून मामांना सांगितलं, सात म्हणते. मामा तुकड्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "पिठात मीठ घातलास?"

मामीनं डोळे मिटले. ती फळीला टेकून बसली होती, कुणाला तरी ओळखायचा प्रयत्न करत असावी तशी. मग आपल्या त्या हळू आवाजात म्हणाली, "तुमचा आवाज म्हातारा झाला."

मी ते व्हरांड्यात जाऊन सांगितलं. मामांनी तुकडा पुन्हा तोंडाशी धरला. "लय?"

"नाय," मामी म्हणाली. "थोडासाच. बोला पुढं."